पुढची काठी

ईस्टरच्या सुटीत सिग्वे दोन्ही लेकरांना घेऊन बर्फाच्या डोंगरावरल्या झोपडीकडे निघाला होता. बर्फात वाट दाखवायला रोवलेली पुढची खुणेची काठी दिसल्याशिवाय जवळची सोडायची नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं. धुक्यात त्याने ती सोडली, आणि दोन्ही काठ्या हरवल्या.

"आजोबा म्हणतात, मागं फिरण्यात लाज नाही," थोरली इल्वा म्हणाली.

"आजोबांचंच डोकं खा जाऊन!" म्हणत सिग्वे पायातली स्की काढून तिने बर्फात आडोशाचा खड्डा खणू लागला.

आत बसल्यावर धाकटा आस्लाक बोलेना. इल्वाने त्याच्या निळ्या ओठांवर संत्र्याची फोड पिळली.

"आंबट," तो पुटपुटला.

"बाबा, आता फिरायचं ना मागं?" इल्वाने विचारलं.

सिग्वेने दोघांना छातीशी घट्ट धरलं. मागं म्हणजे कुठं, हेच त्याला कळत नव्हतं.