ब्रेक मारला की डावीकडे

काडीकाकांना काडी का म्हणतात, हे आता त्यांच्याकडे बघून कुणाला कळायचं नाही. लहानपणी ते इतके किडकिडीत होते, की वारा सुटला की मास्तर त्यांना खिडकीजवळून उठवून मधल्या बाकावर बसवायचे. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. पुढे लग्न झालं, अंग भरलं, पोट सुटलं, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. नाव मात्र काडीच राहिलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. मनातल्या मनात काका अजूनही काडीच होते. एखाद्या दारातून आडवं होऊन जायची वेळ आली, तर ते सुताराला नावं ठेवायचे.

त्यांचं काम ब्रेकचं. वळणावर पत्र्याचं शेड, आत दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीला उंचीप्रमाणे टांगलेले पाने आणि कोपऱ्यात देवाची लहानशी तसबीर. ब्रेकची काळी धूळ बसू नये म्हणून तिला काचेची पेटी केलेली. सकाळी ती काच पुसल्याशिवाय काका पान्याला हात लावत नसत.

"गाडी पळवणारे ढीगभर असतात," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "वेळेवर थांबवायचं मात्र दोघंच बघतात. एक मी, आणि एक तो." तो म्हणजे पेटीतला.

शेडमध्ये जोडीला बायकोचा धाकटा भाऊ होता. मेहुण्याचा हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. भाऊजींची टर उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

याच शेडच्या मागे गवतात एक लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार पडून होती. कुणीतरी ठोकलेली आणि मालकाला नकोशी झालेली. काकांनी एकेक रविवार घालवून ती उभी केली. मनात एकच होतं. दर वर्षी डोंगरावरच्या घाटरस्त्यावर शर्यत व्हायची, त्यात एकदा तरी ही गाडी आपण स्वतः चालवायची. पण गाडी उभी राहिली आणि नेमका काकांचा डावा गुडघा बसला. क्लच दाबला की डोळ्यांपुढे चांदण्या.

तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, मी चालवते."

लेकीला घरात सगळे मुंगी म्हणायचे. उंची बेताची, अंगानं चिमूटभर. दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी शेडमध्ये बापाशेजारी गाडीखाली आडवी होऊन नट आवळायची. काकांनी तिच्या हातात किल्ली दिली, मोठ्यानं हसले, मग शेडच्या मागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत उभे राहिले.

आता मधेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागे एका लग्नात, सासरच्या झाडून सगळ्या माणसांसमोर, काकांच्या खालची प्लॅस्टिकची खुर्ची मोडली. चारी पाय चार दिशांना, आणि मधे काका. मांडवभर हशा झाला. काका उठले, कपडे झटकले आणि न जेवता घरी निघून गेले. त्यानंतर त्यांनी जो अबोला धरला, तो सोडवता सोडवता काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनीच घरात फर्मान काढलं, की यापुढे 'वजन' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. फर्मान इतकं कडक, की भाजीवाल्याकडेसुद्धा काकू "नीट मापून दे रे" एवढंच म्हणायच्या.

शर्यतीला आठवडा राहिला आणि गाडीनं आपला रंग दाखवला.

शर्यतीचा नियम असा होता, की सकाळी आधी ब्रेकची चाचणी. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधून गाडी जोरात आणायची, करकचून ब्रेक मारायचा आणि पट्टीला चाक न लावता थांबायचं. लागलं तर आल्या वाटेनं घरी. काका निर्धास्त होते. ब्रेकवाल्याची गाडी ब्रेकला नापास होईल, हे म्हणजे स्वयंपाकिणीच्या घरी मीठ संपण्यासारखं.

गोदामामागच्या मोकळ्या मैदानावर मुंगीनं गाडी आणली, ब्रेक मारला, आणि गाडी लाडावलेल्या म्हशीसारखी डावीकडे गेली. धुरळा बसल्यावर बघतात तर पट्टी गाडीच्या पोटाखाली.

"हात सैल सोड," काका म्हणाले. "स्टिअरिंग आहे ते, पाण्याची बादली नाही."

"सैलच आहेत, बाबा. तीच ओढते."

"सरक. मी दाखवतो."

काका गुडघा धरून आत बसले, गाडी आणली, ब्रेक मारला. रेघ ओढावी तशी गाडी सरळ थांबली. काका खिडकीतून डोकं काढून नुसते बघत राहिले.

मुंगी परत बसली. गाडी परत डावीकडे.

"तुमच्या गाडीला माझा राग आहे," ती म्हणाली.

"गाडीला राग नसतो. हाताला वळण नसतं."

तरी कामात कसूर नको म्हणून काकांनी सगळं उघडलं. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड नवे घातले. ब्रेक ऑइलचे पाइप बदलले. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी केली. चाक धरणारे दांडे हलवून हलवून बघितले. प्रत्येक वेळी काका बसले की गाडी सरळ, लेक बसली की डावीकडे. मेहुणा एकदा काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडून उभा राहिला, मग बहिणीचा चेहरा आठवून त्यानं तोंडात बडीशेप टाकली.

गुरुवारी काकांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "गाडीत काही नाही. हे तुझ्या हातचं काम नव्हे, पोरी."

 मुंगीनं हात पुसले, फडकं घडी करून जागेवर ठेवलं आणि चालत घरी गेली. एरवी ती फडकं फेकायची. ती घडी काकांच्या नजरेतून सुटली नाही, पण बोलून बसले होते.

घरात मग काकूंचं पोस्ट ऑफिस झालं. "आई, बाबांना विचार, आमटी हवी का." "अगं, तिला सांग, वाढ म्हणावं." दोघं एकाच टेबलाला, एकाच भांड्याच्या दोन बाजूंना. काकूंनी भांडी आवरली, देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून स्पष्ट शब्दांत सांगितलं, "देवा, ती गाडी सरळ थांबू दे, आणि हे दोघं सरळ बोलू देत. पहिलं जमलं नाही तरी दुसरं बघच."

शनिवारी सकाळी शेवटचं म्हणून सगळे मैदानावर गेले. काकूही डबा घेऊन आल्या. काकांचा गुडघा आदल्या दिवसाच्या क्लचनं टम्म फुगला होता, म्हणून ते त्या दिवशी गाडीत बसले नाहीत. काकूंच्या आधारानं मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत एकतर ते गाडीत असायचे, नाहीतर तिच्याखाली, नाहीतर बाजूला पट्टीपाशी. समोरून त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

मेहुण्यानं गाडी शेडमधून चालवत आणली होती. तो उतरला, आणि काकांना दिसलं, की ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा जरासा वर आला. मग मुंगी बसली. दिवा जागचा हलला नाही. गाडीला पत्ताच नाही की आत कुणी आलंय.

काका डोळे बारीक करून बघत राहिले.

"थांब!" ते ओरडले. "उतर. परत बस."

मुंगी उतरली, बसली. दिवा ढिम्म.

"साहेब, इकडे या," त्यांनी मेहुण्याला हाक मारली. चिडले की ते त्याला साहेब म्हणायचे. "मी बसतो तेव्हा काय होतं?"

मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं. बहिणीनं आभाळाकडे बघितलं. आभाळात काहीच नव्हतं.

"विचारतोय मी!"

"काय होणार, भाऊजी," मेहुणा पुटपुटला. "तुम्ही बसलात की गाडी नमस्कार करते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुला दिसत होतं?"

"मला, ताईला, समोरच्या पंक्चरवाल्याला. त्या गोदामाच्या वॉचमनलासुद्धा."

"मग तोंडात काय धरलं होतं?"

"बडीशेप," मेहुणा म्हणाला. "ताईचं फर्मान आहे ना."

काका बायकोकडे वळले. काकूंचा पदर तोंडाला लागलेला आणि खांदे हलत होते. आधी काकांना वाटलं, रडते आहे. मग पदराआडून असा काही आवाज आला, की काका सोडून सगळेच एकदम हसत सुटले. काका स्वतः सगळ्यात शेवटी हसले. पण हसले ते असे, की गुडघा दुखायला लागला आणि काकूंना त्यांना धरावं लागलं.

तर झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी काकांनी गाडीच्या चारी चाकांखाली चार वजनकाटे ठेवून तिचा तोल बसवला होता. पुढच्या दोन्ही चाकांवर भार सारखा हवा, म्हणजे दोन्ही ब्रेक सारखे धरतात. प्रत्येक स्प्रिंगखाली एक कडी असते, ती फिरवली की तो कोपरा वर-खाली होतो. हे करताना चालवणारा माणूस आत बसलेला हवा. काका आत बसले, मेहुण्यानं कड्या फिरवल्या. इतक्या वर्षांत मनानं जो माणूस त्या गाडीत बसवला होता, तोच त्यांनी बसवला. लेकीला किल्ली दिली, गाडी द्यायची राहून गेली. गाडी बापाच्या मापाची, आणि आत बसली मुंगी. उजवं पुढचं चाक हलकं पडलं, ते लवकर घसरलं. डावं घट्ट धरून राहिलं, आणि गाडी तिकडे गेली. हाताचा त्यात काडीचा दोष नव्हता.

दुपारी शेडमध्ये काटे पुन्हा मांडले. या वेळी मुंगी आत बसली आणि काका फुगलेला गुडघा पसरून जमिनीवर. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मी फिरवतो." काकांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

कडी एकेक आट्यानं फिरत होती. गाडीचा उजवा पुढचा कोपरा हळूहळू आपली जुनी बैठक सोडत होता. काका काट्याकडे बघत होते, मधेच थांबत होते, बाही डोळ्यांना लावत होते. धूळ फार, असं एकदा म्हणालेसुद्धा.

"मुंगे," ते गाडीखालूनच बोलले.

"काय, बाबा."

"हात चांगला आहे तुझा."

 वरून आवाज आला, "आई, बाबांना सांग, ऐकू आलं म्हणावं."

"मी नाही आता कुणाचं काही सांगणार," दारात उभ्या काकू म्हणाल्या. "माझं पोस्ट बंद झालं."

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या जागी एक उंच बाई हातात झेंडा घेऊन उभ्या होत्या. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मेहुण्यानं बडीशेपची अख्खी पुडी तोंडात ओतली. काका पट्टीच्या टोकाला उभे होते. लाल गाडी गरजत आली, झेंडा पडला, टायर किंचाळले, आणि गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली.

बाईंनी वाकून दोन्ही बाजूंना बघितलं. "कुणी बसवले ब्रेक?"

"बाबांनी," मुंगी खिडकीतून म्हणाली. "आणि मलाही बसवलं."

बाईंना ते कळलं नाही. काकांना कळलं.

शर्यतीत मुंगीचा नंबर खालून मोजलेला सोपा होता. पण प्रत्येक वळणाला उशिरा ब्रेक मारून ती अशी नेटकी आत शिरली, की वरच्या कठड्यावर बसलेली माणसं तिच्या गाडीला शिट्ट्या वाजवत होती. काका प्रत्येक शिट्टीला आजूबाजूच्यांकडे बघायचे, जणू त्यांनाच वाजवली.

परतताना मुंगी म्हणाली, "बाबा, बसा ना शेजारी."

काका डाव्या सीटवर बसले. घाट उतरून सरळ रिकामा रस्ता लागला, तसे म्हणाले, "मागे कुणी नाही ना? मार ब्रेक एकदा. जोरात."

मुंगीनं मारला. गाडी थेट डावीकडे.

 काका खिडकीबाहेर तोंड काढून मोकळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वजन! माझं वजन!"

मुंगी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. "उद्या तुमच्यासाठी पण बसवू का? थोडं इकडे, थोडं तिकडे?"

"खबरदार कडीला हात लावलास तर. गाडी तुझी आहे." ते दार उघडून उतरले. "तू हो पुढे, मी टेम्पोतून येतो. मला मागून बघू दे."

लाल गाडी निघून गेली. लांब वळणावर तिचे मागचे दोन्ही दिवे एकदम पेटले, एका रेषेत, आणि तशाच रेषेत आत वळून दिसेनासे झाले. काका गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिले. ती गाडी आपल्याला सोडून पुढे जाताना कशी दिसते, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

मागून मेहुण्याचा टेम्पो येऊन थांबला. काकू बाजूला सरकल्या. काका पाय उचलून आत चढले आणि टेम्पोनं खालून करकर आवाज केला.

"या, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "हिला चार टनांची सवय आहे."

"गाडी चालव," काका म्हणाले, "आणि बडीशेप दे इकडे."