खळ्यावरची कोरी जागा

निर्मलाबाईंशी माझी पहिली ओळख मोशीच्या शाळेतली, आठवीच्या वर्गातली. चित्रकलेच्या तासाला त्यांनी आम्हांला प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतली चित्रं दाखवली. नांगर धरणारे, पेरणारे, बैलांकडून मळणी करून घेणारे लोक. पाय एका बाजूला, खांदे मात्र समोर.

"बाई, हे खेकड्यासारखे का चालतात?" मी विचारलं. वर्ग हसला, बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मेल्यानंतरही धान्य लागतं, असं ती माणसं मानायची. म्हणून शेत भिंतीवर काढून ठेवायची. चित्रातलं काम थांबत नाही." चित्राची भीती मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटली.

निवृत्तीनंतर बाईंनी गावच्या सभागृहाची मागची भिंत मागून घेतली. मोशीची शेतं सोसायट्यांखाली गेली होती. ती त्यांनी इजिप्तच्या पद्धतीने भिंतीवर आणली. त्यांची रीत कडक. भिंतीवर फक्त गेलेली माणसं येणार. घरच्यांकडून त्या फोटो घेत नसत; तो माणूस उभा कसा राहायचा, खुरपं कोणत्या हातात धरायचा, एवढंच विचारत. डोळा सगळ्यात शेवटी, घरच्यांसमोर काढत.

आम्ही परभणीकडचे. वडील शेती सोडून इकडे कंपनीत आले आणि शिफ्टा करता करताच गेले. बाईंनी आम्ही न मागता त्यांना पेरणीच्या रांगेत जागा दिली. ते डावखुरे, म्हणून रांगेत एकटेच वेगळे दिसतात. आई भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. "हेच की ते," म्हणाली. "आता तरी मनासारखं काम मिळालं त्यांना." बाईंचे हे उपकार फिटणारे नाहीत.

मी चाकणच्या एका कारखान्यात गाड्या रंगवतो. रंग वाळला की नाही, हे मला बोट लावताच कळतं. म्हणून खात्रीने सांगतो, वडिलांच्या पायाखालची माती वाळलेली नाही. बोटाला रंग लागत नाही, पण गार ओल लागते. मळणीच्या दिवसांत भिंतीच्या तळाशी भुसा साचतो. झाडला तरी पुन्हा येतो. सुरुवातीला मी वाऱ्याला दोष दिला, पण आता आसपास खळं राहिलंय कुठे?

बाईंच्या पंच्याहत्तरीसाठी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी नेमलेल्या गौरव समितीने त्यांना एक गुपचूप भेट द्यायचं ठरवलं, आणि तिथेच आमचं चुकलं. एका चित्रकाराकडून खळ्याच्या कडेला बाईंचीच आकृती काढून घेतली. हातात विळा दिला. डोळा तेवढा समारंभासाठी राखून ठेवला.

त्याच आठवड्यात बाईंना बसल्या जागी धाप लागू लागली. डॉक्टरांना कारण सापडेना. त्यांच्या तळहातांवर फोड आले होते, दिवसभर कापणी केल्यावर येतात तसे. मी ते पाहिले आणि घाबरून सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. काठी टेकत सभागृहात आल्या. ज्यांची जमीन सोसायटीत गेली ते सोपानकाका नेहमीसारखे भिंतीसमोर बसले होते. ते म्हणाले, "बाई, मंडळी वाट बघत्यात. मळणीला माणूस कमी पडतंय."

"त्यांना सांगा, माझा वर्ग अजून सुटलेला नाही," बाई म्हणाल्या. मला पांढरा रंग आणायला लावला आणि आकृतीचे दोन्ही हात स्वतः पुसून टाकले. चेहराही पुसू का, असं मी विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "कधीतरी जायचंच आहे, जागा धरलेली बरी."

फोड सुकले. बाई पुन्हा रविवारचा चित्रकलेचा वर्ग घेतात आणि वाकड्या रेषेवरून मुलांची फिरकी घेतात. भिंतीवर त्यांचा चेहरा आहे, त्यात डोळ्याची जागा कोरी आहे.

ती तशीच कोरी राहो. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि भिंतीवरच्या मंडळींना, त्यांत माझ्या वडिलांनाही, हात जोडून विनंती आहे: यंदाची मळणी तुमची तुम्हीच उरका.