मामाची खरीखुरी गाडी

आमच्या मामाला थापा मारायला कारण लागत नाही, ऐकणारा लागतो. बंदरावर क्रेन चालवायचा तेव्हा त्याने म्हणे एका हाताने जेवता जेवता दुसऱ्या हाताने अख्खं रेल्वे इंजिन उतरवलं होतं. त्यामुळे दाराशी ताडपत्रीखाली उभी असलेली जपानी स्पोर्ट्स कार 'जगात मोजक्याच बनल्या, त्यातली' आहे असं तो सांगू लागला, की आम्ही भाचरं एकमेकांना कोपराने ढोसायचो. जहाजातून उतरताना तिचं दार चेपलं, मागवणाऱ्याने ती नाकारली आणि मामाने घेतली, एवढं सगळ्यांना मान्य होतं. बाकी गल्लीचं मत ठरलेलं: गाडी साधीच, वरून शर्यतीचा साज.

मामी शिवणकाम करते आणि बोलते कमी. पण मावशीकडे सगळे मिळून मामाची टर उडवत होते तेव्हा ती फटकन म्हणाली, "क्रेनबद्दल हे थापा मारतात, मला ठाऊक आहे. गाडीबद्दल नाही मारत."

झालं! आता मामा खोटा ठरला तर तोंडघशी मामी पडणार होती. मामाच्या ते फार जिव्हारी लागलं असावं. त्याने स्वतःच जुन्या गाड्यांच्या मंडळाला फोन लावला. तुमच्या प्रदर्शनात माझी गाडी ठेवा, आधी या आणि तपासा.

मंडळाचे तपासनीस आले ते टॉर्च, छोटा आरसा आणि इस्त्री केलेला चेहरा घेऊन. बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, "कंपनीचा नंबराचा पत्रा कुठंय?"

मामाने तो ऐटीत शर्टाच्या खिशातून काढला. "हा काय! कायम जवळ असतो. लोकांना दाखवायला बरा पडतो."

"तुम्ही उपटून काढलात?"

"मग? लोक काय बॉनेटमध्ये डोकं घालून बघणार?"

"काका, सुटा पत्रा कोणीही कुठूनही आणू शकतो. याला काही अर्थ नाही."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. आयुष्यभर मिरवलेला पुरावा त्याने मिरवता मिरवताच निकामी केला होता. मला हसू आवरेना. मग मामी दिसली. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान नुसती गोल गोल फिरवत उभी होती. माझं हसू तिथेच विरलं.

"अंगावरचा नंबर बघा," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

इंजिनमागच्या भिंतीवर, थेट गाडीच्या अंगातच ठोकलेला तो नंबर कोणाला खिशात घालता येत नाही. पण त्यावर काळ्या ग्रीसची पुटं चढली होती. मामीने रॉकेलचा बोळा आणून दिला. तपासनीस घासत राहिले, एकेक आकडा वर येत गेला. त्यांनी तो मोबाईलवर कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला, आरसा घालून खालचे सांधे तपासले. मग टॉर्च विझवला.

"खरी आहे. नक्कल नाही, साज नाही. काका, अशी गाडी आपल्या देशात आलीच नाही असं आम्ही समजत होतो."

"अगं, ऐकलंस का?"

"मला काय सांगताय? त्यांना सांगा," मामीने आमच्याकडे बोट दाखवलं. आम्ही माना खाली घातल्या. पण खरं सांगते, अभिमानाने ऊर भरून आला होता माझा.

"फक्त सीटा मूळच्या नाहीत," तपासनीस म्हणाले.

मूळच्या सीटा अरुंद आणि कडक, मामीच्या पाठीला सोसेनात. म्हणून तिनेच जाड निळ्या कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या नव्या सीटा केल्या होत्या. जुन्या माळ्यावर पडून होत्या.

"त्या बसवा, म्हणजे गाडी मूळ रूपातल्या रांगेत लागेल, व्यासपीठासमोर. नाहीतर 'बदल केलेल्या' गाड्यांत, पार मागे."

व्यासपीठासमोर! मामाला याहून मोठं आमिष जगात नव्हतं.

"बसवा हो त्या," मामी म्हणाली. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मामा स्टीअरिंगमागे जाऊन बसला. शेजारच्या सीटच्या शिवणीवरून त्याने हात फिरवला.

"मागेच लावा," तो म्हणाला. "आणि साहेब, पाटीवर 'बदल केलेली' लिहाल, तिथे बदल कोणी केला तेही लिहा. हिचं नाव, चांगलं मोठ्या अक्षरात. माझं काय, मी तोंडाने सांगेनच."