तीन थर मारलेला बोर्ड

"कापा," संगीता म्हणाली.

माझ्या हातात ग्राइंडर होता. समोर दोन लाकडी घोड्यांवर तिच्या नवऱ्याचा, सुनीलचा, विंडसर्फिंगचा बोर्ड आडवा ठेवला होता. सुनील धरणात बुडून गेला त्याला महिना झाला होता. एका अंगाला तिचा थोरला दीर तानाजी हाताची घडी घालून उभा. दुसऱ्या अंगाला बापू, सुनीलचा शाळेपासूनचा दोस्त. बोर्डाची दुरुस्ती त्यानंच केली होती.

"कापून काय निघणार हाय?" तानाजी म्हणाला. "बोर्ड दगडागत हाय. माझा भाऊ हिच्याशी भांडून गेलता. तरंगायचं जाकीट घरात टाकून गेलता. जीव द्यायलाच गेलता की!"

हेच तो गावभर सांगत होता. त्याच जोरावर त्यानं संगीताला माहेरी, गडहिंग्लजला धाडलं होतं आणि तिची लहान मुलगी आपल्याकडे ठेवून घेतली होती. नवऱ्याला मरायला लावलेल्या बाईकडं पोर देणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला त्या माणसाचा संताप येत होता. पण भाऊ त्याचाही गेला होता.

माझं उद्यमनगरात फायबरचं वर्कशॉप. ट्रकची बॉनेटं, पाण्याच्या टाक्या, असली कामं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. कोल्हापुरात तेव्हा विंडसर्फिंग म्हटलं की लोक तोंडाकडे बघायचे. बोर्डावर उभं राहायचं, त्याला जोडलेलं शीड धरायचं आणि वाऱ्यावर पाणी कापत पळायचं. सुनीलला हे वेड नेव्हीत लागलं. नेव्ही सोडून कारखान्यात लागला, वेड सुटलं नाही. सुट्टी मिळाली की स्वारी राधानगरीकडे, धरणाच्या फुगवट्यावर.

तो शिकाऊ नव्हता आणि तरबेजही नव्हता. मधला होता. मला विचाराल तर मधलाच सगळ्यात जास्त बोर्ड मोडतो. शिकाऊ हळू जातो, तरबेज फारसा पडत नाही. मधला जोरात जातो आणि जोरात पडतो. पडताना शिडाची काठी बोर्डावर आपटते. म्हणून मधल्यानं वेगाच्या आधी टिकाऊपणा बघावा.

गोव्यातल्या एका ओळखीच्याकडून त्यानं दोन जुने बोर्ड टेम्पोत घालून माझ्याकडे आणले होते. एक जाड प्लास्टिकचा, जड, ओरखड्यांनी भरलेला. दुसरा हलका, चकाचक. आत थर्माकोल आणि वर फायबरचं पातळ कवच. जिथे शीड बोर्डात बसतं, तिथे त्याला तडा होता. मी बोट दाबलं तर तड्यातून पाणी आलं.

"प्लास्टिकचा घे," मी म्हणालो.

"अण्णा, म्हशीगत हाय त्यो."

"म्हैस बुडत न्हाय," संगीता म्हणाली. ती मुद्दाम त्याच्याबरोबर आली होती. "अण्णा, ह्यास्नी जाऊ नगा म्हटलं तर ऐकायचं न्हाईत. निदान टिकणारा तरी द्या."

मी स्वच्छ सांगितलं. हलका हवाच असेल तर आधी महिना-दोन महिने वाळव. मग मी त्याला लागणारं एपॉक्सी रेझिन, म्हणजे फायबर धरून ठेवणारा चीक, मुंबईहून मागवतो. सुनीलनं मान डोलावली आणि हलका बोर्ड घेऊन बापूकडे गेला. बापू बसच्या बॉड्या बांधायचा.

आमच्या लाईनीत गिऱ्हाईक एकच भाषा बोलतं. "आणि एक थर मारा की!" टाकी गळली, थर मारा. बंपर चिरला, थर मारा. टाकीला ते चालतंही. बापूनं दोस्ताच्या प्रेमापोटी तड्यात भरपूर रेझिन ओतलं आणि वरून तीन थर मारले. सुनील खूश होऊन घरी आला. संगीतानं बोर्ड बघितला आणि भांडण पेटलं. त्या भांडणातच तो निघाला. जाकीट तर तो कधीच घालायचा नाही, उकडतं म्हणायचा.

नंतर शीड एकीकडे सापडलं, बोर्ड दुसऱ्याच काठाला आणि सुनील तिसरीकडे. शीड अडकवायची पट्टी बोर्डातून उपटून शिडाबरोबर गेली होती.

"मासे धरणाऱ्यांनी ओढताना उपटली असंल," तानाजी म्हणाला.

मी ग्राइंडर चालू केला. कवच जाड होतं, चाक नुसतं किंचाळत होतं. तुकडा सुटला आणि पाण्याचा लोट माझ्या चपलांवर आला. आत थर्माकोल नव्हताच. वाळलेल्या भोपळ्यासारखी पोकळी, तळाला पिवळट चिकट लगदा.

"हे कशानं?" तानाजीनं विचारलं. आवाज उतरला होता.

मी कपाटातून बसच्या कामाचं साधं रेझिन काढलं, पॅकिंगमधला थर्माकोलचा तुकडा घेतला आणि त्यावर ओतलं. तुकडा खाली बसत गेला आणि विरघळला.

"हे रेझिन थर्माकोल खातं," मी म्हणालो. "वरून दगड, आत काही नाही. पट्टीला धरायला काही उरलंच नव्हतं. वारा भरला, शीड उपटलं. जीव द्यायला गेलेला माणूस शीड लावून, वारा बघून जात नाही, तानाजीराव. तो खेळायला गेला होता."

तानाजी मटकन स्टुलावर बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडू लागला.

बापू मात्र त्या विरघळलेल्या तुकड्याकडेच बघत होता. "म्हंजे मी... अण्णा, मी तर मजबूत केलता."

 त्याला धीर द्यायला मला खोटं बोलवेना.

संगीता त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता हात उगारते. "व्हय बापू," ती म्हणाली. "तुम्ही जीव लावून केलता. आन् त्यानंच ह्यांचा जीव गेला. पण त्यांनी जीव दिला न्हाय, एवढं आता माझ्या पोरीला सांगता येईल."

मुलीला तानाजी स्वतः एसटीनं गडहिंग्लजला पोचवून आला. माफी त्यानं मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बापूनं रेझिनचं काम सोडलं. आता फक्त रंग मारतो.

गिऱ्हाईक अजून येतं आणि म्हणतं, एक थर जास्त मारा. मी आधी विचारतो, आत काय आहे? माहीत नाही म्हणालं, की त्याच्यासमोरच एक भोक पाडतो. बरेचजण चिडून माल उचलून नेतात. नेऊ देत.