सुलतानपूरचे जव

जालन्याहून निघालेली एसटी देऊळगाव राजाला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर जवांची पिशवी होती आणि मनात स्वतःविषयी बरंच कौतुक. नवं महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या शाळेतले शिक्षक श्यामराव सुलतानपूरचे. त्यांच्या वडिलांचं जवाचं बियाणं किडीनं खाल्लं होतं आणि पेरणी तोंडावर आली होती. श्यामरावांना रजा मिळेना, म्हणून मी निघालो. पुण्यातली तीन दुकानं पालथी घालून सगळ्यांत पांढरे, गुळगुळीत जव मी निवडले होते.

तिथल्या बालाजीचं दर्शन घेतलं, तिखटजाळ भजी खाऊन डोळे पुसले आणि दुसऱ्या गाडीनं धूळ खात सुलतानपूर गाठलं. वाटेत कापूस दिसला, ज्वारी दिसली. जव कुठेच नाहीत.

"आता कोन पेरते?" श्यामरावांचे वडील, आबा म्हणाले. "मीच चार तासं, चार ओळी टाकतो. होमाले, श्राद्धाले, आजाऱ्याच्या पाण्याले, समद्या गावाले इथूनच जाते. औंदा चुकलं तं संपलं."

मी ऐटीत पिशवी सोडली. आबांनी दाणे तळहातावर घेतले, एक दातानं फोडला.

"गुरुजी, हे तं कांडलेले हायत. याले टरफल नाई. कोंब कुठून येईन?"

वीस वर्षांची मास्तरकी, आणि हे कळू नये! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काऊन तोंड पाडता?" आबांच्या पत्नी म्हणाल्या. "खीर करू त्याची." खीर झाली, गूळही उत्तम होता. मी मात्र वाटीत नुसती बोटं फिरवत बसलो.

बोलता बोलता कळलं, की आबांनी दिलेले मूठ-चिमूट जव घरोघरी देवाजवळ असतात.

"मग तेच मागा की!"

"देवासाठी देल्लेलं मी कसं मांगू?"

"मी मागतो."

"मांगू द्या त्याईले," आतून आबांच्या पत्नी म्हणाल्या, "पाव्हण्याले कोन नाई म्हनते?"

मग काय, खांद्याला झोळी अडकवून मी दारोदार फिरलो. गाव हसलं, कुत्री मागे लागली. एका म्हातारीनं देवाजवळची डबी माझ्या झोळीत उपडी केली. "मालकाच्या श्राद्धाले ठेवले व्हते," ती म्हणाली. "न्या. पुढच्या साली आबा देतीनच."

दुसऱ्या सकाळी पेरणी झाली. चारऐवजी दोनच तासं भरली. मी पुण्याला परतलो.

उन्हाळ्यात श्यामराव गावाहून पुडी घेऊन आले. "आबांनी दिलीय. तुमची भिक्षा म्हणाले."

पत्नीनं पुडी उघडली. "अगंबाई, किती खरखरीत! कांडून घेऊ का?"

"हात लावू नकोस!" मी ओरडलोच. मग एक रिकामी डबी शोधली, पुसली आणि जव टरफलासकट देवाजवळ ठेवले.

न जाणो, कधी कोणी झोळी घेऊन दारात यायचं.