खिडकीतल्या हिरव्या बाटल्या

बाळांनो, तुमचे शिंपले कसे आहेत असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा "वाळूत झोपलेत" असं मी दोनदा सांगितलं. ते खरं नव्हतं. पाचही मेले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुम्ही इथे दादरला आला होतात. कोळणीकडून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या होत्या. शिजवण्याआधी परातीत घेऊन मी एकेकीला टिचकी मारून पाहत होते. जिवंत असेल तर शिंपला मिटतो, उघडाच राहिला तर टाकून द्यायचा. त्यातले पाच उचलून तुम्ही आजोबांच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत सोडलेत आणि बजावलंत, "पुढच्या वेळी येऊ तेव्हा हे असले पाहिजेत." आजोबांनी शब्द दिला, आणि होते तोवर पाळला.

गेल्या वर्षी ते गेल्यावर टाकी माझ्याकडे आली. मी वही केली. रोज सकाळी पाण्याचा खारेपणा आणि तापमान लिहायचं, रविवारी थोडं पाणी बदलायचं. एक दिवस चुकवला नाही. तरी दोनेक महिन्यांत पहिला शिंपला उघडा सापडला. टिचकी मारली, मिटला नाही. मग दुसरा, तिसरा. चौथा गेला तेव्हा वही आणि बाटलीभर पाणी घेऊन, आजोबा टाकीचं सामान आणत त्या दुकानात मी गेले.

दुकानदाराने पाणी तपासलं, वही चाळली.

"काकू, इतकं चोख तर मीसुद्धा ठेवत नाही. शिंपल्यांना खायला काय देता?"

"माशांचं खाणं टाकते की."

"ते माशांना. हे पाण्यातलं शेवाळ गाळून खातात, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. काका खिडकीत हिरवं पाणी वाढवायचे ना? पहिली बाटली माझ्याकडूनच नेली होती."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

त्या बाटल्यांवरून आमची नेहमी बोलाचाली व्हायची. "अहो, नासकं पाणी कशाला साठवता? डास होतील." त्यावर ते म्हणायचे, "अगं, जेवण आहे ते. तुला सोडून सगळ्यांना कळतं." मला वाटायचं, आळस झाकतायत. तेरावा झाल्यावर घर आवरायला काढलं, तेव्हा तिन्ही बाटल्या मी मोरीत ओतल्या, घासून पालथ्या घातल्या. निदान एक काम हातावेगळं झालं म्हणून बरंही वाटलं होतं.

तुमचे शिंपले उपाशी मेले. स्वच्छ, नितळ पाण्यात, रोज माझ्या डोळ्यांसमोर.

मी हिरव्या पाण्याची नवी बाटली आणली आणि पाचव्याला रोज घालू लागले. आठवडाभर तो टिचकीला मिटत होता, पण दिवसेंदिवस सावकाश. मग मिटला नाही.

बाटली खिडकीतच आहे, जुन्या बाटल्यांच्या गोल डागावर. तो डाग मी घासलेला नाही. आजोबा सकाळी चहाच्या आधी बाटली हलवायचे, तशी हलवते आणि पुन्हा जागेवर ठेवते.