मुळासकट

आत्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्यावर आधी आंघोळ. मग दिवसभर तलावाच्या घाण पाण्यात कंबरभर उभं राहायचं. शेजारणी हसायच्या. "गटारात उतरायला आंघोळ कशाला गं?"

"पाण्याला माझी घाण नको," ती म्हणायची.

ती आमच्या मुकादमाची थोरली बहीण. त्याची पोरं आत्या म्हणत, म्हणून सगळी टोळी आत्या म्हणायची. मुकादमही चारचौघांत आत्याच म्हणायचा. काही काम काढायचं असलं की मात्र ताई.

गावचा तलाव जलपर्णीने झाकून गेला होता. पाणी आहे हे कळायला दगड टाकून बघावं लागे. सरकारने तलाव साफ करायला नगरपालिकेला निधी दिला आणि अट घातली की यंत्र आणायचं नाही, गावातलीच माणसं लावायची. म्हणून आम्ही पाण्यात उतरलो. मीही त्या टोळीत होतो.

हे काम लांबून सोपं दिसतं. ओली जलपर्णी उचलली की निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. ती आधी निथळू द्यायची, मग पाठीने नाही, मांड्यांनी उचलायची. घाई करणारा दुपारी झोपतो. आणि वरून कापलं तर काम झालंसं दिसतं, होत नाही. मूळ राहिलं की महिन्यात पुन्हा हिरवं. आत्या मुळाला हात घालून उपटायची, झटकायची आणि काठावर मुळं वर करून उलटी टाकायची, उन्हात मरावी म्हणून. आम्ही टाकलेली रोपं येता-जाता पायाने उलटी करायची आणि वर बोलायची, "झोपवून ठेवलीस का रे? अंगाई म्हणू का?"

मी वाईट कामगार नव्हतो. ती माझ्याहून चांगली होती. हे आता निवृत्त झाल्यावर लिहितोय. तेव्हा बोललो असतो तर डोक्यावर बसली असती.

तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. सगळं कालवून, भिजवून गिळायची. "दात नाहीत, म्हणून आतड्यांना चावावं लागतं," म्हणायची आणि पोट धरून बसायची. अंगावर मांस राहिलं नव्हतं. कवळीसाठी मजुरीतून बाजूला टाकत होती. अजून एक हंगाम काम मिळालं की दात येणार होते. बाळाचे येतात तसे, असं आम्ही चिडवायचो.

काम संपत आलं. दुसऱ्या दिवशी निधीवाले साहेब पाहणीला येणार होते. दुपारी जेवताना आत्या दिसेना. शोधत गेलो तर पंपघराच्या मागे, लव्हाळ्यांच्या आडोशाला, पाण्यात उभी. समोर जलपर्णीचा हिरवागार तुकडा, भोवती दोरी बांधलेली. आणि बाई उपटतेय.

मुकादम काठावरून धावत आला. "ताई, ते राहू दे!"

ताई ऐकल्यावर आम्ही समजलो की भानगड आहे.

"का राहू दे?"

"अगं, सगळं साफ झालं तर पुढच्या वर्षी निधी कशाला देतील? थोडं बियाणं ठेवलंय."

"म्हणजे तू पेरलंस?"

"पेरलं नाही. राखलंय."

"सरकार काढायचे पैसे देतं आणि तू राखण करतोस? त्यापेक्षा मेंढरं राख की! लोकर तरी मिळेल."

आम्हाला हसू आवरेना. मुकादम मात्र रडकुंडीला आला. "तुझे दात त्यातच आहेत, ताई. काम गेलं तर कवळी गेली."

आत्या थांबली. बराच वेळ त्या हिरव्या तुकड्याकडे बघत हिरड्यांवरून जीभ फिरवत राहिली. दुसरी कुणी असती तर दातओठ खाल्ले असते. हिने नुसते ओठ खाल्ले.

"अर्धवट काम करून घेतलेले दात माझ्या तोंडात टिकायचे नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. जरा वेळाने मीही उतरलो. ती एकटी उपटतेय आणि आपण काठावर चघळत बसलोय, हे घशाखाली उतरेना.

साहेब आले, खूश झाले, फोटो काढला. मग म्हणाले, "इथलं काम संपलं." मुकादमाने बहिणीकडे असं पाहिलं की आत्या काठावरची रोपं मोजत असल्याचं सोंग करू लागली.

पुढे कित्येक महिने काम नव्हतं. बाजूला टाकलेलं पोटात गेलं. मुकादम तिच्याशी बोलत नव्हता, पण रोज नगरपालिकेच्या दारात जाऊन बसायचा. तिथल्या कारकुनाला डबा खाणं मुश्कील झालं. शेजारच्या गावच्या तलावाला निधी मंजूर झाला, पण तिथे गावातलं कुणी पाण्यात उतरायला तयार नव्हतं. कारकुनाने आमच्या टोळीचं नाव पुढे केलं. कौतुक म्हणून की सुटका म्हणून, कुणास ठाऊक.

मग ट्रकने जाणं आलं. खड्ड्यागणिक कुणीतरी म्हणायचं, "आत्याची कृपा!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तो तलाव आमच्या तलावापेक्षा मोठा निघाला, आणि एका हंगामात संपला नाही. या वेळी कुठे दोरी दिसली नाही. मुकादमाने बांधली नाही, की बांधायची हिंमत झाली नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या हंगामात एका सकाळी आत्या उशिरा आली, पहिल्यांदाच. तोंड मिटलेलं. मुकादम म्हणाला, "दाखव तरी." तिने ओठ उघडले. पांढरी, सरळ, तिच्या तोंडाला जरा मोठीच.

"आता तुझ्या शिव्या नीट कळणार," मुकादम म्हणाला. "आधी बरं होतं."

ती काठावर बसली, पदरातून काकडी काढली. सोलली नाही, चिरली नाही. कडकन चावा घेतला. आम्ही हातातलं टाकून बघत राहिलो.

"बघताय काय?" ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "हात चालवा."